मागची चावी

बर्फाच्या कारखान्यात जिवावर उठतो तो बर्फ नव्हे, तर पाणी गोठवणारा वायू. नळीला कुठे भेग पडली की डोळे चुरचुरतात, घसा आवळतो आणि भल्याभल्यांना आई आठवते. म्हणून तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने तिथे कामाला असलेल्या दोघा भावांकडून एकच धडा घोटून घेतला होता. गळती झाली की यंत्रापाशी जो असेल त्याने आत कोण राहिलंय ते बघत बसायचं नाही, आधी धावत जाऊन मागची चावी बंद करायची. टाकीतला वायू थांबला तरच आतली माणसं वाचतात. ती चावी ज्याने कुणी बसवली त्याची अक्कल मात्र अशी, की तिथे पोचायला फाटकाबाहेर पडून, भर रस्त्यातून, न्हाव्याच्या दुकानावरून कारखान्याला वळसा घालावा लागे.

गेल्या वर्षी गळती झाली तेव्हा यंत्रापाशी धाकटा होता. तोंडावर रुमाल दाबून तो फाटकातून जो सुटला तो थेट चावीपाशी. थोरला होता माल भरायच्या फलाटावर. त्याने ओलं पोतं डोक्यावर घेतलं, आत शिरला आणि बेशुद्ध पडलेल्या हमालाला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. रस्त्यावरच्या मंडळींनी काय पाहिलं, तर एक भाऊ बाहेर पळाला आणि एक आत गेला. चावी होती भिंतीमागे, ती कुणाला दिसणार? निकाल तर लगेच लावायचा होता, आणि तो त्यांनी लावला.

थोरल्याचा सत्कार झाला. मालकाने लांबलचक भाषण ठोकलं, कचेरीत फोटो लागला. सत्काराला उत्तर म्हणून थोरल्याकडे एक वाक्य तयार होतं. धाकट्याने चावी बंद केली नसती तर मी आणि हमाल दोघेही आतच राहिलो असतो, एवढंच. तो उभा राहिला आणि टाळ्या थांबेचनात. खोटं कशाला बोला, त्याला त्या टाळ्या आवडल्या. इतक्यात त्यांची वाटणी नको, सांगू पुढे कधीतरी, असं मनाशी म्हणत त्याने नुसते आभार मानले आणि खाली बसला.

"अरे, तुझं सांगायचं राहूनच गेलं," घरी जेवताना तो म्हणाला.

"असू दे रे दादा. चावी बंद झाली, हमाल जगला. आणखी काय पाहिजे?" धाकटा म्हणाला.

धाकटा होताच तसा, मानापमानाचं खातं न ठेवणारा. त्याच्या बायकोने मात्र थोरल्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

सांगायची वेळ पुढेही येत राहिली आणि थोरला ती टाळत राहिला. इकडे न्हाव्याने धाकट्याला 'सुसाट' असं नाव ठेवलं. असल्या नावांना पाय फुटायला वेळ लागत नाही. "काय सुसाटराव, आज चक्क चालत?" असं कोणीही उठून विचारायचं. धाकटा आधी हसण्यावारी न्यायचा, मग दाढी घरीच करू लागला. शाळेत मुलीला कुणी त्यावरून चिडवलं, त्या दिवशी तो जेवला नाही.

एकदा थोरला दाढीला बसला असताना धाकटा दुकानासमोरून चालला होता. न्हाव्याने त्याला त्या नावाने हाक मारली, सगळं दुकान हसलं. गालाला साबण लावून बसलेला थोरलाही हसला. धाकट्याने ते पाहिलं आणि मान खाली घालून तो पुढे गेला. ते हसू परत घेता आलं असतं तर थोरल्याने हवी ती किंमत मोजली असती, पण ही अक्कल त्याला नंतर आली.

यंदा भर दुपारी पुन्हा गळती झाली. यंत्रापाशी पुन्हा धाकटाच होता, थोरला सुट्टीवर. कारखान्याचा भोंगा ऐकून तो घरून धावत सुटला. रस्त्यावर घोळका जमला होता, तो त्यातून वाट काढत मागे गेला. चावी सताड उघडी होती. त्याने कशीबशी ती बंद केली. भावाला बाहेर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता. यंत्राजवळचे दोघे हमाल तर केव्हाच फलाटावरून उड्या टाकून सुटले होते. आत वाचवायला कोणी नव्हतंच.

न्हाव्यानेच मग सगळं सांगितलं, तेही कौतुकाने. "फाटकापर्यंत आला होता बघा. आमच्यातलं कोणीतरी म्हणालं, निघाला सुसाट. तसा थबकला. आमच्याकडे बघितलं, रुमाल भिजवला आणि सरळ आत गेला. वाघ निघाला हो तुमचा भाऊ."

शोकसभेत मालकही तेच म्हणाला. धाकट्याने डाग धुऊन काढला, आता त्याचा फोटो भावाच्या शेजारी लागेल. मग थोरल्याला बोलायला सांगितलं.

"मागच्या वर्षी तुम्ही त्याला पळताना पाहिलंत," थोरला म्हणाला. "तो चावी बंद करायला पळत होता. मी आज जिवंत आहे तो त्याच्यामुळे. मला ते तेव्हाच माहीत होतं, आणि मी बोललो नाही. या वेळी तो आत गेला ते शौर्य नव्हे. तो घाबरला होता. तुमच्या हसण्याला घाबरला. आणि माझ्याही."

कोणीतरी उठावं आणि चार शिव्या घालाव्यात, असं थोरल्याला फार वाटत होतं. उठला तो मालक. त्याने थोरल्याचा हात हातात घेतला.

"चारचौघांत स्वतःबद्दल असं बोलायला छाती लागते," तो म्हणाला. "हा माणूस खरा शूर."

न्हाव्याने डोळे पुसले आणि मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. हात सोडवून घेऊन थोरला खाली उतरला. पहिल्या रांगेत धाकट्याची बायको मुलीला घेऊन बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता.

"एवढंच तर बोलायचं होतं, दादा," ती म्हणाली.