खेकड्याला माती

मल्लम्माच्या घरासमोर अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरून यावं लागतं, असं सेलूत गमतीनं म्हणत. त्या घरात खेकडा आला, तोही ऐन श्रावणात, आणि आणला घरच्याच लेकानं.

शिवरुद्र कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि दुधना नदीतल्या खेकड्यांवर पीएच.डी. करायचा. खेकड्याच्या डोळ्यांच्या देठात म्हणे असा काही रस असतो, जो त्याला कात टाकू देत नाही. देठ काढून टाकले की खेकडा लवकर कात टाकतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. पण देठ काढलेले खेकडे एकेक करून मरत गेले आणि शेवटी एकच उरला. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाले, कॉलेजला टाळं लागलं, शिपाई गावी निघून गेला. शिवरुद्रला तर औरंगाबादला गाईडकडे जाणं भाग होतं. मग त्यानं खेकडा न्हाणीजवळच्या दगडी डोणीत आणून सोडला, लपायला आत छपराचं एक कवेलू ठेवलं आणि वर फळी टाकली.

"अव्वा, हा एकच राहिलाय," तो म्हणाला. "ह्यानं कात टाकली तर माझं इतक्या वर्षांचं काम तरलं, न्हाईतर पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजात कलेजी घालतो आमी, पण तू आपली भाकरीच टाक. चालतंय त्याला."

मल्लम्मानं नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही. पहिले काही दिवस ती लांबूनच भाकरीचा चुरा भिरकवायची आणि हात धुवायची. मग एकदा तिनं त्याला जेवताना पाहिलं. डोळे नसलेला तो जीव नांगीनं पाणी चाचपत चुरा शोधत होता. लेकाला तिनं मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या आणि त्या दिवसापासून चुरा त्याच्या नांगीपाशी नेऊन सोडायला लागली. सापाची कात तिनं गोठ्याच्या कुडात पुष्कळदा पाहिली होती, पातळ, कागदासारखी. तशीच काहीतरी सालटी पाण्यावर तरंगतेय का, हे ती रोज सकाळी बघायची.

आणि एके दिवशी खेकड्यानं खाणं सोडलं. चुरा जिथल्या तिथं फुगून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. मल्लम्मानं भाकरी दुधात कालवून पाहिली, भात टाकला, भिजवलेली डाळ टाकली. खेकडा कवेलूखाली अंग चोरून बसलेला. गाड्यांचा मेळ नव्हता, लेकाचा पत्ता नव्हता. तिला आपलं राहून राहून वाटे, ह्याला कलेजीची सवय. माझ्या सोवळ्यापायी हा उपाशी मरणार आणि ह्याच्यासंगं पोराचं सगळं काम बुडणार.

शेवटी नवरा, ईश्वरअप्पा, दुकानात गेल्यावर ती मागच्या भिंतीपाशी गेली. भिंतीपलीकडे हलीमाबीचं घर. दोघींची कढीपत्त्याची आणि लिंबांची देवघेव जुनीच होती, पण आज मागायचं ते तोंडातून निघेना. निघालं तेव्हा हलीमाबी तिच्याकडं बघतच राहिली. पण एका शब्दानं तिनं खोदून विचारलं नाही. दुपारी पळसाच्या पानात कलेजीचा बोटभर तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, आणा, मीच टाकते, तुमी कशाला हात लावता.

"न्हाई गं माय," मल्लम्मा म्हणाली. "उपाशी मी ठेवलं त्याला. घालाया बी मीच पायजे."

तिनं गळ्यातलं इष्टलिंग पाठीमागं सारलं, पदर खोचला आणि तो तुकडा उचलून खेकड्यापुढं सोडला. मग चुलीतल्या राखेनं हात घासले, तरी त्यांचा वास जातोय असं काही तिला वाटेना. खेकड्यानं तुकड्याला नांगी लावली नाही.

सकाळी फळी काढली तर खेकडा कवेलूच्या बाहेर निपचित पडलेला. काडीनं हलवलं, हलला नाही. मल्लम्मा न्हाणीच्या दगडावर बसून पोटभर रडली. मग तिनं त्याला फडक्यात उचललं. उपासानं किती हलका झालाय, असं वाटून तिला आणखीच भरून आलं. परसात बेलाखाली खड्डा केला आणि आपल्यात माणसाला देतात तशी, विभूती लावून त्याला माती दिली. डोणीवर फळी टाकून दिली. तिकडं तिला बघवेना.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं शिवरुद्र आला. ती दारातच म्हणाली, "माझ्या हातनं गेला रे तो." शिवरुद्रनं हातातली पिशवी ओट्यावर टाकली. आईवर चिडावं तर तिचे डोळे सुजलेले. शेवटी म्हणाला, कशानं गेला ते तरी बघू दे. दिलेली माती उकरू नये, असं ती सांगत होती, पण तो बेलाकडे गेलाही होता.

त्यानं खेकडा हातात घेतला, माती फुंकली आणि पालथा-उताणा करून बघितला. पाठ मागच्या बाजूनं उकललेली होती. नांग्या, पाय, सगळं जागच्या जागी, आणि आत काहीच नाही.

"अव्वा, डोणीतलं पाणी फेकलंस का?" त्याचा आवाज चिरकला.

"न्हाई. बघवंना मला."

तो धावला. दोन्ही हातांनी कवेलू अलगद उचललं. खाली खेकडा होता, पहिल्यापेक्षा मोठा, ओला चकचकीत आणि लोण्यासारखा मऊ. शिवरुद्र लहान पोरासारखा हसायला लागला. कात टाकण्याआधी तो जेवतच नाही, त्यानं सांगितलं, आणि त्याची कात अशीच असते, अख्खी.

"मंग हे आदी सांगाया काय झालतं तुला?" मल्लम्मा म्हणाली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात त्याला पाण्यातला तो तुकडा दिसला.

"कलेजी? हलीमाखालानं टाकली?"

"मी टाकली."

शिवरुद्रचं हसू थांबलं. त्यानं हातातलं कवेलू अलगद जागेवर ठेवलं. मग तो हळूच म्हणाला की, आता हा आपलीच कात खातो, त्यानंच त्याचं अंग पुन्हा टणक होतं. खरं तर ती बाटलीत घालून औरंगाबादला दाखवायला न्यायची होती. त्यानं पट्टीनं कातीची मापं घेतली आणि ती आईच्या हातात दिली.

मल्लम्मानं माती धुतली, विभूती धुतली आणि कात कवेलूच्या तोंडाशी सोडली. मऊ नांगी चाचपत बाहेर आली.

"खा बाबा, तुझंच हाय," ती म्हणाली आणि लेकाकडे वळली. "आन् ते मांस आता तू काढ. मला पुन्यांदा न्हाई जमायचं."