दुर्गाप्रसादची खोली

"शालीकभाऊ, त्या खोलीत तं मुंगीलेबी खाली उतराले जागा नाई. याच खोलीले काऊन असं झालं जी?"

छोटेलाल दारात उभा राहून विचारत होता. हा तलावावरच्या जुन्या बंगल्याचा चौकीदार. वैशाखातली दुपार होती आणि मी गुडघ्यांवर बसून जमिनीच्या फळ्यांमधल्या फटी पटाशीनं खरवडत होतो. साठी गाठलेल्या सुताराला त्याच्याच हातच्या कामाबद्दल असं विचारू नये, एवढी अक्कल छोटेलालला पंचवीस वर्षांच्या नोकरीत आली नव्हती.

नवेगाव बांधच्या या बंगल्यात दोनच खोल्या, दोन्हींची जमीन सागाच्या फळ्यांची. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यांमधल्या फटी भरायचं काम माझ्या वडिलांकडे, देवाजी मिस्त्रींकडे आलं. बाबांनी उजवी खोली मला दिली आणि डावी दुर्गाप्रसादला. दुर्गाप्रसाद बालाघाटकडचा, आमच्याकडे काम शिकायला आलेला, माझ्याच वयाचा, डावखुरा. राहायला, जेवायला आमच्याच घरी. आई त्याच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढायची आणि मला विचारायचीसुद्धा नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, विचारत असेल.

मी माझी खोली त्याच वैशाखात नऊ दिवसांत भरून टाकली. चिकटवायचा सरस घेतला, त्यात भुसा कालवला आणि ठासला. दुर्गाप्रसादनं दिवाळीपर्यंत त्याच्या खोलीला हात लावला नाही. बाहेरचा गडी घाबरला, असं मी गावभर सांगत फिरलो. दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली, तेव्हा कुठे त्यानं निखाऱ्यावर लाख वितळवली, तिच्यात सागाचा भुसा घातला आणि तापवलेल्या लोखंडी पट्टीनं दाबत दाबत सगळ्या फटी भरल्या. वरून टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल चोळलं. बाबा त्या खोलीत अनवाणी फिरले आणि म्हणाले, "हात आहे पोट्ट्याचा." माझ्या खोलीत आले तेव्हा म्हणाले होते, "झालं ना? बरं."

ते "बरं" मी चाळीस वर्षं चघळतो आहे.

त्या दिवसापासून डाव्या खोलीचं नाव दुर्गाप्रसादची खोली पडलं. उजव्या खोलीला नाव नाही. पाहुणे आले की छोटेलाल आधी डावीच उघडून दाखवतो. पुढे दुर्गाप्रसाद अर्जुनी मोरगावला गेला, तिथं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. माझ्या लग्नात त्यानं करून आणलेला पाट बायांनी हातोहात फिरवून पाहिला, तेव्हाही मी जळलो. नवरदेव मी आणि कौतुक पाटाचं. दर वर्षी मंडईला तो गावात यायचा आणि दोन दिवस बंगल्यावर मुक्काम करायचा. आला असेल स्वतःच्या खोलीची आरती करायला, असं मी देवकाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणायचो. ती म्हणायची, "तुमी बी जा ना मंग." मी कशाला जातो.

एकच समाधान होतं. माझी खोलीही टिकली होती. दारं-खिडक्यांच्या कामाला बंगल्यावर गेलो की मी आधी खाली पाहायचो. एक फट दिसायची नाही. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली, पण तिथं उभा राहिलो की मनात म्हणायचो, बाबा, बघा, सरस आहे तरी कसा धरून आहे. गेल्या दोन वर्षांत मात्र माझ्याच खोलीच्या फटी उघडल्या, त्यातून विंचू वर आला, आणि शेवटी छोटेलालनं मला बोलावलं.

पटाशीच्या टोकाला जे निघत होतं, ते सरस नव्हतं.

मी तुकडा उजेडात धरला. काळसर, तांबूस, उभ्यानं पाहिलं तर जुन्या सरसासारखाच. दातानं तोडून पाहिला. लाख. दुसऱ्या फटीत लाख, तिसऱ्या फटीतही लाख. एकाखाली एक, तीन-चार वेळा भरलेली. मी या खोलीत लाखेचा खडाही आणला नव्हता. जिथं ती अजून घट्ट होती, तिथं तिच्यावर पट्टीचे वळ होते आणि ते सगळे उलट्या अंगाला झुकलेले होते. उजव्या हाताचा माणूस तसे वळ उमटवूच शकत नाही. मी जमिनीला नाक लावलं. टोळीच्या तेलाचा वास.

"छोटेलाल," मी विचारलं, "दुर्गाप्रसाद मंडईले येऊन इथं काय करे?"

"फटी पाहे ना जी. एक दिवस त्या खोलीत, एक दिवस या खोलीत. दोन वर्सं झाले, आला नाई. गुडघे गेले म्हनते त्याचे." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "मले वाटे, तुमाले मालूम आहे."

मी पटाशी तिथंच टाकली आणि अर्जुनीची बस धरली.

दुर्गाप्रसाद अंगणात बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. पार वाळून गेला होता. मला पाहून उठायला गेला, जमलं नाही.

"बैठ ना," तो म्हणाला. "आज काऊन आला?"

"माह्या खोलीत लाख तू भरली काय?"

तो तेल चोळतच राहिला. "हो."

"कोनाले विचारून?"

"काकाजीनं सांगतलं होतं." बाबांना तो काकाजी म्हणायचा. "पहिल्याच पावसात तुहा सरस फुगून वर आला. तू तवा गोंदियाले कामावर गेला होता. लाकूड पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. वैशाखात फट सगळ्यात मोठी राहते. तवा गच्च भरली, तं पावसात फळीनं जावं कुठं? दिवाळी झाल्यावर भराची, लाकूड अधातमधात राहते तवा. त्या फुगण्यानं तुह्या फळ्यांच्या कडा दबल्या, म्हून तुह्या खोलीतली लाख लवकर सुटते."

"हे तुले सांगतलं बाबानं, अन् मले नाई?"

"मी विचारलं होतं. तू विचारलं नाई."

खरं होतं. ज्या बापाच्या हाताखाली मी वाढलो, त्याला मी कधी काही विचारलं नाही. विचारलं तर येत नाही असं दिसलं असतं, आणि तेही दुर्गाप्रसादच्या समोर.

"मंग मलेच पुन्हा भराले सांगाचं होतं," मी म्हणालो.

"मी बी तेच म्हटलं. तं काकाजी म्हने, त्याले मालूम झालं तं तो पटाशी ठेवून देईल. मन लहान आहे त्याचं. तू भरत जा, अन् बोलू नको."

मन लहान. बापानं माझ्याबद्दल बोललेलं ते मला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

"म्हंजे चाळीस वर्सं हसत होता तू माह्यावर."

"हसत?" दुर्गाप्रसादनं तेलाची वाटी खाली ठेवली. "जळत होतो बे मी. त्या चौकटीची याद आहे काय तुले? माह्या हातून तिचे कोन गुण्यात बसले नाई, तं काकाजीनं भर बाजारात मलेच तोडाले लावली. लोक उभे राहून पाहून राहिले होते. अन् तुही चूक झाली का झाकाची, अन् तेबी माह्या हातानं. माही चूक झाकाले माहा बाप नोहता इथं."

मला तो बाजार चांगला आठवत होता. त्या दिवशी मी खुशीत दोन कप चहा जास्त प्यालो होतो. मी बाजेच्या कडेला बसलो. त्याची सून चहा घेऊन आली, तो आम्ही प्यालो.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेलो. पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार म्हणून छोटेलाल घाई करत होता. मी त्याला म्हटलं, "दिवाळी होऊ दे. मंग भरू."

"अन् तवापर्यंत?"

"सतरंजी टाक."

मंडई झाली. छोटेलालनं दुर्गाप्रसादला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. मी त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली. तिथून तो लाख किती तापवायची ते सांगत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा विचारत होतो. आता दाबू काय? अजून भुसा टाकू काय? दोन दिवसांत माझी खोली भरून झाली. गुडघे इतके ठणकत होते, की या माणसानं माझ्यासाठी कितीदा हे सोसलं असेल, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

छोटेलाल दुर्गाप्रसादला चहा देऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला. "आता दोनी खोल्या सारख्या दिसते जी," तो म्हणाला. मला बरं वाटलं आणि रागही आला. सारख्या.

मग मी डाव्या खोलीत गेलो. सतरंजी उचलली, कपाटामागं पाहिलं. खाट थोडी सरकवून पोटावर पडलो. भिंतीच्या कोपऱ्यात, अगदी आत, एक वीतभर फट उघडली होती. दहाचं नाणं उभं जाईल एवढी. दोन वर्षं कोणी वाकलं नव्हतं, तेवढ्यात झाली होती.

मला आनंद झाला. खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं मी या फटीची वाट पाहत होतो. छोटेलालला हाक मारून, बोट लावून दाखवावी असं वाटलं. तोंड उघडलंही होतं.

"शालीक," व्हरांड्यातून दुर्गाप्रसादचा आवाज आला, "माह्या खोलीत पाहून घेजो रे. काई उघडलं तं नाई?"

त्याच्या आवाजात भीती होती. हाताखाली शिकत असताना बाबा त्याच्या कामावरून हात फिरवायचे, तेव्हा तो असाच विचारायचा.

"काई नाई," मी मोठ्यानं सांगितलं. "तुह्या खोलीत काई नाई."

छोटेलालला मी विड्या आणायला पिटाळलं. उरलेली लाख निखाऱ्यावर ठेवली, पट्टी तापवली आणि खाटेखाली शिरलो. भिंत आड येत होती, उजवा हात पोचत नव्हता. मग पट्टी डाव्या हातात घेतली.