कवटीवाल्या सीडीचा खटला

मी हार्ड रॉकची सीडी. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा कान सांभाळून ऐका.

माझा जन्म जर्मनीत, हॅनोव्हरजवळच्या एका कारखान्यातला. माझ्या अंगावर चार दाढीवाल्यांची अकरा गाणी कोरली. त्यातला गाणारा तुर्की आईबापांचा, पण इथेच जन्मलेला. वर कव्हरावर दात विचकणारी एक कवटी छापली आणि तीच पुढे माझ्या मुळावर आली. माणसं आधी तोंड बघतात, गाणं नंतर ऐकतात.

पहिल्या मालकाला बाळ झालं. घरात शांतता हवी म्हणून त्यानं मला कार्ल्सरूहेच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात नेऊन मांडलं. तिथून २०१४ साली क्रांतीनं मला उचललं. अकरा वर्षांची पोर, उज्ज्वल आणि उत्कर्षाची एकुलती एक. बाप विद्यापीठात संशोधक, आई सॉफ्टवेअरमध्ये. शाळेतून आली की क्रांती दार लावून मला ऐकायची, त्यातही पाचवं गाणं पुन्हा पुन्हा. ते वाजताना ती नाचायची नाही, डोकंही हलवायची नाही. नुसती बसून राहायची. मला वाईट वाटायचं, पण जे कोरलंय तेवढंच मला बोलता येतं.

असे काही महिने गेले आणि एका रविवारी मी उत्कर्षाच्या हाती लागले. कवटी पाहून ती हादरलीच.

"हे असलं ऐकतेस तू?"

"इस्ट डोख नुअर मुझीक!" नुसतं संगीतच तर आहे, असं क्रांतीचं म्हणणं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

"आल्झो, बरं तर, ऐकूनच ठरवू," उज्ज्वल म्हणाला. "वाईट असेल तर घरात राहणार नाही."

झालं, माझा खटला उभा राहिला. नागपूरहून आलेले आजोबा, दादाराव, तेही सोफ्यावर येऊन बसले. पण आईबापांचं जर्मन पडलं ऑफिसपुरतं. गायक घसा फोडून काय ओरडतोय ते दोघांनाही कळेना. मग अर्थ सांगायला कुणाला बसवावं? क्रांतीलाच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

पण पोर खरी निघाली. दर ओळीला मला थांबवून अर्थ सांगायची. मध्येच म्हणायची, "इथे शिवी आहे. सांगू?" तिसरं गाणं बायकांबद्दल घाणेरडं बोलतं, तेही तिनं लपवलं नाही. मीही लपवत नाही. ते मुलांच्या कानांसाठी नाहीच, खरं तर मोठ्यांच्याही नसावं. उत्कर्षाचे ओठ घट्ट मिटले. मला कचऱ्याचा डबा दिसू लागला.

पाचवं सुरू झालं. क्रांती अडखळत सांगू लागली, "तो म्हणतो... सगळे विचारतात, तू कुठला? मी सांगतो, इथला. ते म्हणतात, नाही, खरा कुठला?" आणि ती थांबली.

"पुढे?"

"पुढे तो फक्त ओरडतो." क्रांतीचे डोळे भरून आले. "आई, मला पण विचारतात. वर्गात. रोज."

मग दादाराव म्हणाले, "आम्हाले आडनाव विचारायचे, बेटा. नाव सांगितलं की म्हणायचे, पुढे? पुढचं ऐकलं की पाण्याचा पेला परत घ्यायचे. मला तेव्हा असंच ओरडावंसं वाटे. सूनबाई, लाव ते पुन्हा."

उत्कर्षानं क्रांतीला जवळ ओढून घेतलं आणि ते गाणं पुन्हा लावलं. निकाल असा लागला: तिसरं गाणं बंद, बाकीची चालतील. पाचवं मात्र क्रांतीनं एकटीनं ऐकायचं नाही.

आता माझ्या अंगावर चरे आहेत, दोन गाणी अडकतात. क्रांती फोनवर ऐकते. आईबापांनो, मुलांच्या गाण्यांचा न्याय जरूर करा. मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण बंदी घालण्याआधी एवढं विचारा, की यातलं कोणतं गाणं तू पुन्हा पुन्हा ऐकतेस?

उत्कर्षा अजून मला फडक्यानं पुसून जागेवर ठेवते. पुसताना स्वतःशीच म्हणते, "इतके महिने पोर एकटी ऐकत होती. आणि मी भिंतीपलीकडेच होते."