रिकामा फ्लॅश

फ्लॅश पडला आणि झुंबरने कान टवकारले.

समाजमंदिरापुढच्या पटांगणात पांढऱ्या कापडाचा मांडव होता. बौद्धाचार्य माईकवरून पंचशील सांगत होते, मांडवातली माणसं त्यांच्यामागून म्हणत होती, आणि नवरदेव हात जोडून, नजर समोरच्या प्रतिमांवर ठेवून, भलताच एक आवाज ऐकायची खटपट करत होता. फोटो निघाला की फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या बाजूचं छोटं हँडल फिरवतो. कर्र, कर्र. आतली फिल्म एक घर पुढे सरकते. हा आवाज झुंबरने झोपेतसुद्धा ओळखला असता. तो आलाच नाही.

म्हणजे फ्लॅश रिकामा होता.

रिकामा फ्लॅश म्हणजे काय, हे झुंबरला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतः फोटोग्राफर होता आणि नाशिकात शालिमारजवळच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. रोलमध्ये फोटो बारा, फार तर छत्तीस, आणि लग्नात मामा, मावश्या, आत्या मिळून शंभर. प्रत्येकाला नवरा-नवरीच्या शेजारी उभं राहायचं असतं आणि एकालाही नाही म्हणायची सोय नसते. अशा वेळी कॅमेऱ्याला हात न लावता नुसतं फ्लॅशच्या पाठीमागचं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडतो, मामा खूश होतात, फिल्म जिथल्या तिथे राहते. पुढे अल्बम आल्यावर रुसलेल्या मामांना ‘तेवढा एकच बिघडला बघा’ असं सांगताना झुंबरचा चेहरा इतका दुःखी व्हायचा, की मामाच उलट त्याची समजूत घालायचे.

पण ते मामांसाठी होतं. खुद्द नवरदेवावर रिकामा फ्लॅश मारल्याचं नाशिक जिल्ह्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

झुंबरने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. गोटीराम उस्ताद मंचाच्या कडेला उभे होते. दोन भिंगांचा जुना कॅमेरा पोटाशी धरलेला, आणि मान खाली घालून डोकं वरून त्याच्या झाकणात खुपसलेलं. फ्लॅश पडून गेला तरी डोकं वर आलं नव्हतं. म्हातारा उभ्या उभ्या झोपला की काय, असं कुणालाही वाटलं असतं. झुंबरला मात्र वाटलं, हा सूड आहे.

तसं वाटायला कारण होतं. झुंबर उस्तादांच्याच हाताखाली शिकला होता. शिकला म्हणजे, त्यांच्या अंधाऱ्या खोलीत बसून फोटो धूत राहिला. मांडवात उस्ताद एकटे जायचे. त्यांच्या फोटोंतली माणसं आपल्या ओट्यावर बसल्यासारखी मोकळी असायची. दोरीला वाळत टाकलेल्या त्या चेहऱ्यांकडे बघून बघून झुंबरने एक निष्कर्ष काढला: सगळी करामत लेन्सची. मग त्याने उस्तादांचं दुकान सोडलं, बरोब्बर समोर आपलं टाकलं, आणि मुंबईहून नवा जपानी कॅमेरा आणला. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि लेन्स अशी, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. उस्ताद यावर काहीच बोलले नाहीत. ते काहीतरी बोलले असते तर झुंबरला बरं वाटलं असतं.

त्या भारी लेन्ससमोरही माणसं पोलीस ठाण्यात उभी केल्यासारखीच उभी राहत. झुंबर याहून भारी लेन्सच्या शोधात असतानाच त्याचं लग्न ठरलं.

मुलगी अंबडच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या सावळीराम यांची. नाव चांगुणा. पसंतीच्या दिवशी दोघांना बोलायला म्हणून बाहेरच्या खोलीत बसवलं, तर ती सरळ म्हणाली,

“तुम्ही साऱ्या गावाचे फोटो काढता. मला आपल्या दोघांचा एक पाहिजे. एकच, पण चांगला.”

“एक काय, अल्बम करू की.”

“अल्बम नको. माझ्या आई-बापाचा जोडीचा एक बी फोटो नाय. आई गेली. आता काढायचा म्हटलं तरी निघत नाय.”

झुंबरने तिथल्या तिथे शब्द दिला. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हा फोटो काढणार कोण? आपला कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. त्याने कॅमेरा स्टँडवर लावून आपोआप फोटो काढायची कळ वापरून पाहिली. नवरीच्या जागी खाटेवर लोड उभा केला, कळ दाबली आणि पळत जाऊन लोडाशेजारी बसला. तीनदा केलं. तिन्ही फोटोंत लोड सुरेख आला होता आणि झुंबरची पाठ.

अशातच एका सकाळी गोटीराम उस्ताद रस्ता ओलांडून त्याच्या दुकानात आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“तुझ्या लग्नाचे फोटो मी काढणार,” ते म्हणाले. “दुसरा कुणी कॅमेरा घेऊन दिसला तर जेवायला थांबणार नाही.”

झुंबरने मन घट्ट करून नवा कॅमेरा त्यांच्यापुढे ठेवला. उस्तादांनी तो वर-खाली फिरवून पाहिला.

“छत्तीस निघतात?”

“छत्तीस.”

“छत्तीस असले की माणूस बघत नाही, नुसता काढत सुटतो. मला माझा डबा बरा.” त्यांनी कॅमेरा परत दिला, आणि शेजारचा झुंबरचा नवाकोरा फ्लॅश उचलून पिशवीत टाकला. “हा असू दे. मोठा आहे. लांबून दिसेल.”

आणि तोच फ्लॅश आता त्याच्यावर रिकामा चालत होता.

पंचशील संपलं. नवरा-नवरीने प्रतिमांना फुलं वाहिली. फ्लॅश पडला, कर्र-कर्र नाही. मेणबत्त्या लावल्या, फ्लॅश पडला, कर्र-कर्र नाही. दर वेळी झुंबर मान वळवून उस्तादांकडे रोखून बघायचा, आणि दर वेळी उस्तादांचं डोकं झाकणातच असायचं.

इतक्यात नवरीची आत्या विठाबाई मंचावर चढली. ही तिची तिसरी खेप होती.

“भाऊ, माझा अजून एक काढा पोरीसंगं. मघाचा हालला आसंल.”

“या की, आत्या.”

विठाबाईने पदर सारखा केला, चांगुणाच्या खांद्यावर हात ठेवला आणि श्वास रोखून धरला. लख्ख उजेड पडला. आणि लगेच, स्वच्छ, मोठ्याने: कर्र, कर्र.

झुंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो चांगुणाकडे किंचित झुकला.

“आत्याला फिल्म दिली. आपल्याला नुसता उजेड.”

चांगुणाला यातलं अक्षरही कळलं नाही.

“गाथा चालू हाय,” ती ओठ न हलवता म्हणाली. “गप उभं ऱ्हा.”

तो गप उभा राहिला, पण त्याचं निम्मं लक्ष रोलच्या हिशेबात होतं आणि निम्मं त्या शब्दात, जो त्याने बाहेरच्या खोलीत बसून दिला होता. ही बाई एकच गोष्ट मागते आणि तीही आपल्या धंद्यातली, आणि तीसुद्धा आपल्याला देता येऊ नये! त्याला मनापासून रडू येत होतं, आणि लग्नात नवरदेव रडत नाहीत म्हणून तो आणखी रागावत होता.

प्रतिज्ञा झाल्या. मग हार घालायची वेळ आली. चांगुणाने टाचा उंचावून त्याच्या गळ्यात हार घातला. टाळ्या, फुलांचा वर्षाव, फ्लॅश. मागून काहीच नाही.

झुंबरच्या हातात आता त्याचा हार होता. तो तसाच राहिला.

“उस्ताद,” तो म्हणाला, “कॅमेरा उघडा.”

माईक जवळच होता. वाक्य साऱ्या पटांगणाला ऐकू गेलं. टाळ्या थांबल्या. वाजंत्रीवाल्यांनी उचललेल्या पिपाण्या खाली घेतल्या.

“काय झालं, जावईबापू?” सावळीराम लगबगीने पुढे आले.

“यांच्या कॅमेऱ्यात फोटो नाहीत. सकाळपासून रिकामा फ्लॅश मारताहेत माझ्यावर. उघडा म्हणावं.”

उस्तादांनी झाकणातून डोकं वर काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

“उघडतो की. पण उघडला की आत असेल ते उजेडाने जाईल. तुला माहीत आहे.”

झुंबरला ते माहीत होतं. त्या मांडवात त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

“मग न उघडता कळायचं कसं?” सावळीरामांनी विचारलं.

“धुतल्यावर.”

“आणि धुतल्यावर काहीच नाय निघालं तर?”

“तर नाही निघालं.”

यावर मांडवात दोन तट पडले. कुणी म्हणालं उघडा, दूध का दूध होऊन जाऊ दे. कुणी म्हणालं आधी जेवणं उरका. बौद्धाचार्यांनी माईकवर हात ठेवून घड्याळ पाहिलं. तेवढ्यात विठाबाई बोट नाचवत मंचावर आली.

“खबरदार कुणी उघडला तर! माझे तीन फोटो हायेत त्याच्यात!”

सगळे बोलत होते. उस्ताद पुन्हा झाकणात बघू लागले होते, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग चांगुणा बोलली. आवाज चढवून नाही. पण नवरी बोलतेय म्हटल्यावर बाकीचे आपोआप थांबले.

“आत फोटो नसंल तर उघडून काय तो येणार नाय,” ती म्हणाली. “आणि आसंल तर जाईल. मग कशापायी उघडता?”

झुंबर वळला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून तो तिच्या शेजारी होता, पण बघणं आत्ता होत होतं. पांढरी साडी, कपाळाला चिकटलेली गुलाबाची पाकळी, आणि उन्हाने तापलेले गाल. एक फोटो मागितला होता तिने, आणि तोही सोडून द्यायला ती तयार झाली होती.

“हार घाला,” ती म्हणाली. “हात दुखत नाय का तुमचा?”

त्याने हार घातला.

आठवड्याभराने, दुपारी, चांगुणा दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली असताना गोटीराम उस्तादांनी पुन्हा रस्ता ओलांडला. त्यांनी खाकी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसले. झुंबर त्या पाकिटाला हात लावेना. शेवटी चांगुणानेच ते उघडलं.

आत बारा फोटो होते.

झुंबरने पहिला उचलला आणि सवयीने आधी मागच्या पडद्यावरची सावली पाहिली. फ्लॅशच्या फोटोत माणसामागे काळी कड येते. इथे ती नव्हती. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. एकाही फोटोवर फ्लॅश नव्हता. मांडवाच्या कापडातून गाळून आलेला सकाळचा उजेड तेवढा होता.

“मांडव पांढरा, साडी पांढरी, तुझा सदरा पांढरा,” उस्ताद म्हणाले. “त्यावर तुझा तो फ्लॅश खरोखर मारला असता, तर फोटोत चादर वाळत घातलेली दिसली असती.”

“मग मारलात कशाला?”

“माणसांसाठी. कॅमेरा दिसला की माणूस ताठ होतो. फ्लॅश पडला की म्हणतो, झाला फोटो, आणि सुटतो. चेहरा ज्याचा त्याला परत मिळतो. तेव्हा काढायचा. गुपचूप.”

“आणि हँडल? ते तर आत्याच्या वेळी...”

“आत्यांना नुसता फ्लॅशच दिला. तीनदा. हँडल फिरवलं ते तुमच्या आधीच्या फोटोचं. तू कान लावून बसला होतास, म्हणून फ्लॅशनंतर थांबायचो आणि पुढे गाथांच्या, टाळ्यांच्या आवाजात फिरवायचो.”

आपण इतकी वर्षं त्या अंधाऱ्या खोलीत बसून त्या चेहऱ्यांचं श्रेय काचेच्या तुकड्याला दिलं, याची झुंबरला आता लाज वाटली, आणि तिच्याबरोबर थोडं हसूही आलं.

“सगळे सुटतात,” उस्ताद उठता उठता म्हणाले. “तू तेवढा सुटला नाहीस.”

हे खरं होतं. फुलं वाहून झाल्यावर चांगुणा गर्दीत बापाला शोधत होती. शेजारी झुंबर कॅमेऱ्याकडे डोळे वटारून. मेणबत्त्यांनंतर ती बोटावरचं मेण खरवडत गालात हसत होती. शेजारी झुंबर, भुवया चढवलेल्या. चांगुणाने एकेक फोटो बघून बाजूला ठेवला.

“ह्यात फोटोग्राफर,” ती म्हणाली. “ह्यात बी फोटोग्राफर. ह्यात बी.”

शेवटचा मात्र तिने हातातच ठेवला. झुंबरच्या हातात हार होता आणि तो तिच्याकडे बघत होता. तोंड थोडं उघडं, भुवया खाली आलेल्या. कॅमेरा नावाची वस्तू जगात आहे हे तो माणूस साफ विसरला होता. कडेला विठाबाईचं बोट आलं होतं. आणि चांगुणाचे डोळे बोलता बोलता अगदी पूर्ण मिटलेले होते.

“तेवढा एकच बिघडला,” उस्ताद दारातून म्हणाले, आणि ते खरोखरच दुःखी दिसत होते.

“मेणबत्तीचा मोठा करू,” झुंबर घाईने म्हणाला. “बघ ना, काय सुंदर आलीस तू. फ्रेम करून घरात समोरच्या भिंतीवर लावू.”

“हा लावा,” चांगुणा म्हणाली.

“अगं, यात तुझे डोळे मिटलेत!”

“मिटू द्या. रोज भिंतीकडं मीच बघणार ना? मला काय माझेच डोळे बघत बसायचंय?”