उघडा राहिलेला नळ

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे कुणाच्या बापाला सांगता येत नसे. म्हणून कोरडा नळ उघडाच सोडायचा आणि खाली पत्र्याची बादली ठेवायची. धार पडली की बादली वाजते, आपण उठतो. लग्न झाल्यापासून माझी झोप त्या बादलीवर टांगलेली.

त्या गल्लीला मी विटले होते. दारात कायम कुणाची तरी मोटरसायकल आडवी, आणि आमच्या घरात कोण कुणावर चिडलंय हे आमच्याआधी शेजाऱ्यांना ठाऊक! शेवटी आम्ही चिकलठाण्याच्या पुढं नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. गच्चीवर सगळ्यांची मिळून एक टाकी. समोरच्या वच्छलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एक चावी माझ्याकडं ठिवा, लागती कधीमधी." मी हसून टाळलं. तीच गल्ली पुन्हा कशाला?

पण इथं दारं कायम बंद. जिन्यात कुणी भेटलंच तर मान हलवून पुढं जातं. त्यावरूनच परवा रात्री माझं नवऱ्याशी, सुदर्शनशी, कडाक्याचं भांडण झालं.

माझी नोकरी मात्र औरंगपुऱ्यातच, मॅचिंग सेंटरमध्ये. आज दुपारी दुकानातली मुनिरा, माझी जुनी शेजारीण, धापा टाकत आली.

"आज नळ आला गं. बादली वाजली म्हणून बरं, नाहीतर गेलं होतं सगळं पाणी."

मापाला धरलेलं कापड माझ्या हातून सुटलं. सकाळी लाइट नव्हती, टाकी रिकामी होती. मी बाथरूमचा नळ सोडला, थेंब आला नाही. जुन्या सवयीनं खाली बादली सरकवली आणि कुलूप लावून निघून आले. नळ तसाच उघडा!

लाइट तर केव्हाच आली असणार. उन्हाळ्यात बोअर दिवसातून एकदाच टाकी भरतं. ते सगळ्या बिल्डिंगचं पाणी माझ्या मोरीतून वाहून चाललं असणार. आणि संध्याकाळी वच्छलाबाईंच्या लेकीचा, तनुजाचा साखरपुडा, सोयऱ्यांची पंगत! एका पोरीच्या साखरपुड्यात पाहुण्यांना प्यायला पाणी नाही, आणि ते माझ्यामुळं.

सुदर्शन चितेगावच्या कंपनीत, म्हणजे दुसऱ्या टोकाला, आणि कामाच्या वेळात फोन लॉकरमध्ये. बिल्डिंगमधल्या एकाचाही नंबर माझ्याकडं नव्हता. ग्रुपमध्ये या म्हणाले होते, मीच गेले नव्हते. गल्लीत असते तर एका हाकेत काम झालं असतं.

मी रिक्षा पकडली. क्रांती चौकात सिग्नल, सेव्हन हिल्सला गर्दी, मुकुंदवाडीला कुणाची तरी वरात. "भाऊ, जरा लवकर घ्या ना," मी म्हणत राहिले. रिक्षावाला शेवटी वैतागून म्हणाला, "आता उडून जाऊ का ताई?" मला रडू यायला लागलं. वच्छलाबाईंना काय सांगायचं तेच मनात घोळत होतं. कुठलंच वाक्य धड जुळेना.

जिना कोरडा होता. कुलूप काढून मी बाथरूमकडं धावले. नळ उघडाच होता. बादली काठोकाठ भरलेली, पण धार नव्हती. टाकी संपली, मी मनाशी म्हटलं, आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

"आल्या व्हय?" मागून वच्छलाबाईंचा आवाज आला. नवं लुगडं, हाताला हळद. "तुमच्या घरात पाण्याचा लई आवाज येत व्हता. कुलूप दिसलं, मंग गच्चीवर जाऊन तुमच्या पाइपाचा कॉक बंद केला. टाकी हाय भरलेली, काळजी नगा करू."

मी उठून उभी राहिले. "तुम्हाला... एवढं ऐकू येतं?"

"भिंत एकच हाय ना." त्या जरा थांबल्या, मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "परवा राती तुम्ही साहेबांना म्हणत व्हत्या, इथं मेलो तरी कुणी विचारायचं नाय. तवापासून माझा कान तुमच्याकडंच हाय."