मुकादमाचं अळणी जेवण

आमच्या बोक्याचं नाव मुकादम. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय पोटाशी घेऊन तो असा बसायचा, की मी रोजंदारीवरची बाई आणि माझी हजेरी त्याच्या हातात.

तेरा वर्षांचा झाला आणि त्याची मूत्रपिंडं थकली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विकतचं खाणं बंद, घरी शिजवा. हाडं काढलेली कोंबडी, अंड्याचा पांढरा भाग, दोन चमचे मऊ भात, भोपळ्याची एक फोड. गार झाल्यावर त्यात पुडीतली पावडर. कांदा-लसूण म्हणजे विष. मीठ अजिबात नाही. लेकीनं हे मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलं आणि ‘मीठ नाही’च्या खाली तीन रेघा ओढल्या. मला हसू आलं. मुलींच्या वसतिगृहात चौतीस वर्षं मी दोनशे जणींचा स्वयंपाक केला. एका बोक्याचं मला काय जड जाणार होतं?

महिन्याभरानं तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या शेपटीला बोटभर पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, परत मोजला.

“आजी, हा उतरायला हवा होता. उलट चढलाय. असाच राहिला तर याचे डोळे जातील. जेवणात मीठ जातंय का कुठून?”

“एक कणसुद्धा नाही,” मी म्हटलं. आणि ते मला अगदी खरं वाटत होतं.

घरी आल्यावर लेक पाण्याचं भांडं हुंगून बघायला लागली.

“आई, नीट आठव बरं.”

“आठवू काय? जे केलंच नाही ते कसं आठवायचं?”

“चाखून बघितलंस कधी?”

“मी काहीच चाखत नाही. तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. वसतिगृहात आमच्या थोरल्या आचारीणबाईंचा नियमच होता, जी रांधेल तिनं चाखायचं नाही, चाखलं की हात बिघडतो. चमचा ओठांकडे गेला रे गेला, की त्यांच्या डावाचा दांडा मनगटावर बसायचा. त्या बाई मला अजून लख्ख दिसतात. त्यांच्या ओट्यावरचा टवका, कोपऱ्यातल्या टेबलाचा आखूड पाय, भोपळा बघून नाक मुरडणाऱ्या सात मुली, सगळं दिसतं. लेकीला मात्र परवाचं हवं होतं.

“पुढच्या शनिवारी पुन्हा मोजू,” ती म्हणाली. “उतरला नाही तर मी त्याला माझ्याकडे नेते. तुला त्रास नको.”

‘त्रास’ हा शब्द तिनं फार जपून उच्चारला. तो बोक्याबद्दल नव्हता, एवढं मला कळलं.

मग मी छडा लावायचा ठरवला. मिठाच्या बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून मीठ कुठवर आहे तिथे खूण केली. स्वतःसाठी रांधणंच सोडून दिलं. पाव, दूध, केळं. म्हणजे घरात मिठाला हात लावायचं कारणच उरलं नाही. तीन दिवसांनी बघितलं तर मीठ खुणेच्या नखभर खाली. मी बरणी उचलून सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या डब्यांमागे ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेगडीशेजारी, नेहमीच्या जागेवर होती.

वर ठेवली होती ना? स्टूल ओढल्याचं, मुकादमानं त्यावर रागावून बघितल्याचं मला आठवत होतं. की ते आदल्या आठवड्यातलं?

शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर वर्तमानपत्र द्यायला आले. जादा किल्ली त्यांच्याकडेच असते.

“भाऊजी, उंदीर मीठ खातात का हो?”

“खात असतील, तर आधी मुकादमाची परवानगी घेत असतील.”

“मग मी नसताना तुम्ही आत येता का?”

“मीठ चोरायला?” ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग माझा चेहरा बघून थांबले. “वहिनी, असं करू. उद्या तुम्ही शिजवा, मी नुसता बसतो. तीस वर्षं समोरच्या आरशात बघून मागच्या बाकावर कोण काय करतंय ते सांगत आलोय.”

सकाळी ते खरंच येऊन बसले. एका स्टुलावर ते, दुसऱ्यावर बोका.

“दोन-दोन मुकादम झाले,” मी म्हटलं.

“कामाकडे लक्ष द्या. खाडा लागेल.”

मी कोंबडी शिजत टाकली, भोपळा चिरला. बोलता बोलता त्या सात मुलींची गोष्ट निघाली. एकीनं भोपळा रुमालात बांधून खिडकीबाहेर फेकला आणि तो थेट रेक्टरबाईंच्या छत्रीवर पडला, ते मी रंगवून सांगत होते. मध्येच झाकण उचललं, ढवळलं, परत ठेवलं.

“टाकलंत,” भाऊजी म्हणाले.

“काय?”

“मीठ.”

“शुद्धीवर आहात ना? मी छत्रीचं सांगतेय.”

“छत्रीचं सांगतच टाकलंत. बोटं बघा.”

मी बघितली. अंगठा आणि दोन बोटं वाफेनं ओली होती आणि त्यांना पांढरे कण चिकटले होते.

झाकण काढायचं, वाफ तोंडावर आली की मीठ. थोरल्या बाईंनी शिकवलेलं. चौतीस वर्षं सकाळ-संध्याकाळ. पण मला बरणीचं झाकण उघडल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. मी विसरले म्हणावं, तर हात काहीच विसरला नव्हता. मग नेमकं काय बिघडलं होतं माझं? भाऊजी नुसते मुकादमाची पाठ खाजवत राहिले.

आयुष्यात पहिल्यांदा मी रांधता रांधता चमचा तोंडात घातला. मनगट आपोआप मागे सरलं.

मीठ अगदी बरोबर होतं.

बरणी त्याच दिवशी भाऊजींच्या घरी गेली. मुकादमानं नवं जेवण हुंगलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भुकेनं थोडं खाल्लं. शनिवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उतरायला लागलाय. काय केलंत?”

लेक माझ्याकडे बघत होती. मला खोटं सुचेना आणि खरं नीट सांगता येईना. “हात टाकत होता,” मी म्हटलं.

“कुणाचा?”

“माझाच.”

बोक्याला नेण्याचं तिनं पुन्हा काढलं नाही. रविवारी सकाळीच आली आणि बोक्याला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मी झाकण काढलं. वाफ आली. ढवळून झाकण ठेवलं.

“आई,” ती हळूच म्हणाली.

“टाकलं का मी?”

“हो. म्हणजे, बरणीच्या जागी हात नेलास, चिमूट उचललीस आणि टाकलीस. काहीच नव्हतं त्यात.”

“मग टाकू दे,” मी म्हटलं, आणि मुकादमाची ताटली पुसायला घेतली.