फाट्यावरच्या पेशी

"सर, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला कधी कंटाळा येतो का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून जेरोटिचनं विचारलं. वर्ग खिदळला. ती मात्र नाही. गेले दोन महिने तिला हसूही येत नव्हतं आणि रडूही.

"येडपट!" म्हणत कोस्गेई सर फळ्याकडे वळले. "रक्त एका दिशेनं वाहतं, तिथं त्या पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या अंगानं पडून राहतात आणि जोर सोसतात. वाहिनी दुभंगते त्या फाट्यावर रक्त गरगरतं. तिथं कुठल्या अंगावर पडावं हेच त्यांना कळत नाही. दुखणं तिथंच धरतं."

रोज पहाटे बाबांच्या हट्टापायी ती केनियातल्या इतेन गावच्या लाल रस्त्यावर धावणाऱ्यांच्या घोळक्यात निघायची आणि आईच्या हट्टापायी अर्ध्या वाटेवरून गणिताच्या शिकवणीला परत फिरायची. पायही मागे पडले होते, गणितही.

संध्याकाळी आई वाळक्या पोकळ भोपळ्यात आंबवलेलं दूध पेल्यांत ओतत होती.

"उद्या तरी शेवटपर्यंत पळ गं," बाबा म्हणाले.

"आणि परीक्षेत हाच भोपळा आणू दे का?" आई फणकारली.

फळ्यावरची तारीख वाचावी तशी जेरोटिच म्हणाली, "आई, बाबा, उद्यापासून मी परत फिरणार नाही. शिकवणी बंद. मी पळणार."